उभ्या गाडीची निगा

प्रीमियर पद्मिनीसोबत कारखान्यातून मिळालेली पुस्तिका ज्यांच्याकडे अजून शिल्लक आहे त्यांनी ती जिवापाड जपावी, पण तिच्यातल्या वेळापत्रकावर विसंबू नये. इतके किलोमीटर झाले की तेल बदला, इतके झाले की ग्रीस मारा, इतक्यानंतर पॉइंट तपासा, असा तो सगळा किलोमीटरचा हिशेब आहे आणि तो रोज धावणाऱ्या गाडीसाठी मांडलेला होता. १९७५च्या सुमारास नंबर लागून पद्मिनी घरी आली की ती कचेरीला जायची, लग्नाकार्याला जायची, मे महिन्यात टपावर सामान बांधून कोकणात उतरायची. टॅक्सी असेल तर दिवसाचा ड्रायव्हर वेगळा आणि रात्रीचा वेगळा. आज तीच गाडी सोसायटीच्या आवारात कव्हर घालून उभी असते. रस्ते मोकळे असताना रविवारी सकाळी एखादी चक्कर, गणपतीत एखादी, दिवाळीत एखादी. वर्षाकाठी हजार किलोमीटर भरले तरी पुष्कळ. पुस्तिकेच्या हिशेबाने अशा गाडीचं इंजिन ऑइल कित्येक वर्षं बदलायलाच नको.

घोळ होतो तो इथेच. जुनी गाडी चालून झिजते त्याहून जास्त उभी राहून बिघडते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं आणि चाकातल्या सिलिंडरला आतून गंज धरतो. पेट्रोल उडून जातं, कार्बोरेटरमध्ये मागे राहतो तो चिकट थर. बॅटरी आपोआप उतरते, टायर टेकल्या जागी सपाट होतात, रबर कडक होऊन तडकतं. यातलं काहीही किलोमीटरच्या काट्याला कळत नाही. म्हणून हे पुस्तक कॅलेंडर समोर ठेवून लिहिलं आहे, आणि आपल्याकडचं कॅलेंडर या कामाला सोयीचंही आहे. पाडव्याच्या सुमारास, ऊन तापायच्या आत, रेडिएटर आणि पाण्याचे पाइप. मृगाआधी दारांची रबरं, वायपर, खालचा पत्रा. दसऱ्याला गाडीची पूजा करायचीच असते. हार घालण्याआधीच्या आठवड्यात तेल आणि ब्रेक.

पुस्तक पद्मिनीभोवती रचलं आहे ते केवळ जिव्हाळ्यापोटी नाही. फियाटने इटलीत ११००/१०३ ही गाडी १९५३ साली आणली. लवकरच ती मुंबईतही दिसू लागली आणि पुढच्या मुस्कटामुळे 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखली गेली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जात. पुढे फियाटशी संबंध जुळला. १९६४ मध्ये '११०० डिलाइट' आली, नंतर तीच 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. नाव बदललं, जाळी बदलली, दिवे बदलले, पण बॉनेटखाली शतक संपेपर्यंत तेच १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन राहिलं. (डिझेल पद्मिनीचं प्रकरण निराळं आहे आणि ते या पुस्तकात नाही.) गंमत अशी की खुद्द इटलीतल्या '११०० डी'ला १२२१ सीसीचं इंजिन होतं. तिथला बोअर ७२ मिलिमीटरचा, इथला ६८चा. परदेशातून हौसेने पिस्टनचा संच मागवणाऱ्याने ऑर्डर देण्याआधी हा चार मिलिमीटरचा फरक लक्षात घ्यावा.

इतकी वर्षं रचना फारशी बदलली नाही याबद्दल त्या काळी लोक कंपनीच्या नावाने बोटं मोडत. गाडीची वाट पाहण्यात वर्षं जात आणि हाती यायची ती जुनीच गाडी. तक्रार रास्तच होती. पण त्याच कारणामुळे एका पिढीच्या मेकॅनिकने शिकलेली विद्या पुढच्या पिढीला जशीच्या तशी उपयोगी पडली आणि सुटे भाग नाक्यानाक्यावर मिळत राहिले. ते मिळत राहिले टॅक्सीच्या जिवावर. मुंबईत हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी रोज क्लच प्लेट, ब्रेक शू, वॉटर पंप खात होत्या, म्हणून दुकानदार ते ठेवत होता आणि आपल्यासारख्या हौशी मालकाला त्यातलेच मिळत होते. मुंबईत टॅक्सीच्या वयाला वीस वर्षांची मर्यादा आहे. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी तिच्यावर हळवे लेख लिहिले. गॅरेजच्या दृष्टीने तिचा अर्थ रोकडा होता: आता या भागांना रोजचं गिऱ्हाईक नाही. कुर्ल्यात, चोर बाजारात, पुण्याच्या नाना पेठेत शोधलं तर अजून बरंच सापडतं, मात्र त्यातलं रबराचं सामान किती वर्षं कपाटात पडून होतं ते पाहून घ्यावं. डबी कोरी आहे म्हणून आतलं रबर ताजं असेल असं नाही.

आणि मेकॅनिक? लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून कुठला टॅपेट वाजतो ते सांगणारी माणसं आता सत्तरीत आहेत. त्यांच्या हाताखालची मुलं स्कॅनर लावून दोष शोधणाऱ्या गाड्यांवर गेली, आणि योग्यच केलं त्यांनी. पोट तिथे भरतं. तेव्हा घरी देखभाल करणं ही हौस राहिलेली नाही. पद्मिनी ठेवायची तर मालकाला तिच्या निम्म्या तरी कामाची माहिती हवी. हात काळे करायचे नसतील तरी हवी, कारण समोरचा माणूस काय करतो आहे हे कळल्याशिवाय त्याला थांबवताही येत नाही.

गाडीच्या देखभालीचं कुठलंही पुस्तक इंजिन ऑइलपासून सुरू होतं आणि ब्रेकच्या प्रकरणापर्यंत पोचेतो वाचकाचा उत्साह संपलेला असतो. रविवारच्या मंडळींचंही तसंच. तेल बदललं, प्लग साफ केले, कार्बोरेटर उघडून पुन्हा बसवला, इंजिन गोड चालू लागलं की सगळे खूश. ब्रेक लागतोय ना, मग त्यात काय बघायचं? इथे म्हणून ब्रेक पहिले घेतले आहेत. बंद पडलेली गाडी ढकलून बाजूला घेता येते. न थांबणाऱ्या गाडीचं काय करणार?

पद्मिनीला चारी चाकांना ड्रम ब्रेक आहेत. जुन्या गाड्यांमध्ये एकाच मास्टर सिलिंडरमधून एकाच मार्गाने चारी चाकांकडे ऑइल जातं, त्यामुळे एका चाकाचा पाइप फुटला तर चारी चाकांचा ब्रेक जातो. हँडब्रेक तेवढा या ऑइलवर अवलंबून नसतो, म्हणून तो 'पार्किंगपुरता' समजून ढिला ठेवणाऱ्यांचा मला राग येतो. आता या ऑइलचं बघा. कोऱ्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या त्याच ऑइलला १४० अंशांची अट आहे. इतका फरक थोड्याशा ओलाव्याने पडतो. सोसायटीतल्या सोसायटीत फिरताना तो जाणवत नाही. खंडाळ्याचा घाट उतरताना ड्रम तापतात, ती उष्णता सिलिंडरपर्यंत पोचते, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते. पॅडल सरळ पाटाला टेकतं. गाडी थंड झाली की सगळं पुन्हा ठीक, त्यामुळे खाली आल्यावर मेकॅनिकला काहीच सापडत नाही. दर दोन वर्षांनी हे ऑइल पूर्ण बदलावं, गाडी हललीच नसली तरी. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम पद्मिनीसाठी आजही लागू आहे.

पॅडल बरंच सांगत असतं. मऊ, स्पंजासारखं लागलं तर आत हवा आहे. सिग्नलला पाय ठेवून उभं असताना हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरचा कप गळतो आहे. पॅडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर लायनिंग गुळगुळीत झालं आहे किंवा त्यावर तेल आलं आहे. ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते, तेव्हा बहुतेक जण ज्या बाजूला ओढते तिकडचं चाक उघडतात. दोष पुष्कळदा पलीकडच्या, न लागणाऱ्या चाकात असतो. सर्वांत फसवा दोष रबरी होजचा. बाहेरून धड दिसणारी होज आतून फुगते, ऑइल दाबाने पलीकडे जातं पण परत येत नाही, आणि ते एक चाक ब्रेक लागल्यासारखं तापत राहतं. असं चाक दिसलं की शू घासत बसण्याआधी होज बदलून पाहावी. ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या दाबाने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसावी आणि फडकं पिशवीत बांधून टाकावं. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलून निघतो, म्हणून पाण्याची बादली हाताशी हवी. इंजिन ऑइलचा थेंबही या यंत्रणेत जाता कामा नये; सगळे कप फुगून बाद होतात.

ब्रेकमधली हवा काढायला दुसरा माणूस लागतो. एकाने आत बसून 'दाब', 'धर', 'सोड' ऐकायचं आणि दुसऱ्याने चाकाशी निपल उघडायचं-बंद करायचं. 'सोड' हा शब्द निपल बंद होण्याआधी ऐकू आला तर सगळी हवा पुन्हा आत. कुटुंबातल्या कोणाला या कामाला बसवावं याबद्दल मी सल्ला देणार नाही.

इंजिन ऑइलबद्दल मतं फार आणि माहिती कमी अशी अवस्था आहे. महागडं, पातळ, पूर्ण सिंथेटिक ऑइल घातलं की जुनं इंजिन सुखावतं, हा समज सोडून द्यावा. हे इंजिन ज्या सैलपणाने बनवलं आहे त्याला २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० जातीचं साधं खनिज तेल मानवतं. याच्या कॅमवर सपाट टॅपेट घासतात, आणि त्या घासणीला तेलातलं जस्त-फॉस्फरसचं संयुग वाचवतं. आधुनिक गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला फॉस्फरस सोसत नाही, म्हणून नव्या कारच्या तेलांत ते कमी केलेलं असतं. जुन्या पद्मिनीला कन्व्हर्टर नाही. तिला ते हवं आहे. तेल काळं पडलं याची काळजी नको, काळं पडणं हे त्याचं कामच आहे. काळजी करावी ती तेल भरायच्या झाकणाखाली जमणाऱ्या पांढुरक्या फेसाची. तो पाण्याचा फेस असतो.

हे पाणी कुठून येतं? एक लिटर पेट्रोल जळताना साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं, थोडं रिंगच्या फटीतून खाली सम्पमध्ये उतरतं. इंजिन पुरतं तापलं तर तेही उडून जातं. पण पुष्कळ मालक प्रेमाने रोज सकाळी गाडी पाच मिनिटं जागच्या जागी चालू करतात आणि बंद करून पेपर वाचायला बसतात. चोक ओढलेला, मिश्रण जाड, इंजिन कोमट. पाणी आणि कच्चं पेट्रोल तेलात उतरतं, सायलेन्सर आतून सडतो आणि स्टार्टरने खाल्लेली वीज बॅटरीला परत मिळत नाही ती नाहीच. त्यापेक्षा गाडी पंधरा दिवस हात न लावता ठेवावी आणि मग तासभर चांगली पळवून आणावी. वर्षातून एकदा तेल आणि फिल्टर बदलावा, काटा किती पुढे सरकला ते न पाहता. काढलेलं तेल गटारात ओतू नये; ते गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावं. गिअरबॉक्सला मात्र 'जाड ते चांगलं' म्हणून डिफरन्शियलचं जीएल-५ तेल घालण्याची जी रीत पडली आहे तिच्यापासून सावध राहावं. त्यातली गंधकयुक्त द्रव्यं सिंक्रोमेशच्या पितळी कड्यांना खातात.

पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन धातू तापल्यावर सारखे फुगत नाहीत, आणि एकदा गाडी चांगली तापली की हेड वाकतं, गॅस्केट उडतं. त्यात रेडिएटरमध्ये बोअरिंगचं पाणी ओतायची सवय. त्या पाण्यातला क्षार बारीक नळ्यांत बसतो आणि ॲल्युमिनियम आतून पोखरतो. बॅटरीसाठी मिळतं ते शुद्ध पाणी आणि योग्य प्रमाणात कूलंट, एवढ्याने अर्धी इंजिनं वाचतील. हेड उतरवायची वेळ आलीच तर नट मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंचने आवळायचे. 'हाताला अंदाज आहे' म्हणणाऱ्याचा हात तुमच्या गाडीवर नको.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. शिसंयुक्त पेट्रोल देशातून २००० साली गेलं तेव्हा जुन्या गाड्यांचे व्हॉल्व्ह संपणार अशी ओरड झाली होती. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये व्हॉल्व्हसाठी कठीण धातूच्या सीट बसवाव्याच लागतात, त्यामुळे पद्मिनी त्यातून निभावली. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आणि याबाबत मी तितका निश्चिंत नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या रबराला आणि पंपाच्या डायफ्रॅमला खातं, टाकीतला जुना गाळ सोडवून जेटमध्ये आणून बसवतं. शिवाय त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होतं, आणि नव्या गाडीचा संगणक ते सावरून घेतो तसं कार्बोरेटरला सावरता येत नाही. इथेनॉल सोसणारी होज आणि डायफ्रॅम बसवणं हे या पुस्तकातलं एकमेव काम आहे जे मी 'या महिन्यात करा' असं सांगेन. कारण गळती झाली तर ती गरम इंजिनवर होते. गाडीत अग्निशामक नळकांडं नसेल तर सीटकव्हर नंतर घ्या.

इग्निशनचं प्रकरण छोटं आहे. डेल्कोमधले पॉइंट, कंडेन्सर, प्लग आणि वायरी, एवढाच कारभार. १-३-४-२ हा फायरिंगचा क्रम पाठ करावा, फिलर गेज वापरायला शिकावं, आणि चालू गाडी अचानक बंद पडली तर आधी कंडेन्सरवर संशय घ्यावा. आता बाजारात येणारे कंडेन्सर इतके सुमार आहेत की जुना चालणारा टाकून देऊ नये, डिकीत ठेवावा.

पत्र्याचं प्रकरण मोठं झालं आहे, त्याला इलाज नव्हता. या गाडीला वेगळी चासी नाही, खालचा पत्रा आणि दाराखालच्या चौकटी हाच तिचा सांगाडा. कोकणात किंवा मुंबईत चार पावसाळे उघड्यावर काढलेल्या गाडीचा रंग वरून चकचकीत असेल, पण चौकटीत स्क्रू ड्रायव्हर सहज घुसत असेल तर ती गाडी चालवण्याच्या लायकीची नाही, मग इंजिन कितीही गोड असो. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं पावसाळ्याआधी तारेने साफ करणं हे फुकटातलं काम आहे. प्लास्टिकचं कव्हर पावसात घालू नये, आतली वाफ कोंडून राहते. पुट्टी भरून विकायला काढलेल्या गाड्या कशा ओळखायच्या तेही त्या प्रकरणात सांगितलं आहे. लोहचुंबक आणि पातळ फडकं पुरतं.

काही कामं मुद्दाम गाळली आहेत. ड्रम लेथवर घासून घेणं, लायनिंगला रिव्हेट मारणं, सिलिंडर बोअर करणं, वेल्डिंग, पुढच्या कॉइल स्प्रिंग उतरवणं: ही घरची कामं नव्हेत. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेते. जीव जाण्याचा दुसरा सोपा मार्ग म्हणजे नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणं. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक हेही चालत नाहीत, ते इशारा न देता फुटतात.

कागदपत्रांबद्दल थोडंच. खासगी गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपली की दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. पन्नास वर्षं पूर्ण केलेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्राने 'व्हिंटेज' नोंदणीची वेगळी सोय केली, तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पहिल्या पद्मिनी आता त्या वयात आल्या आहेत. पण ही नोंदणी घेतलेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला लावता येत नाही. प्रदर्शनं, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. गाडी चालती ठेवण्यासाठीच ज्यांची धडपड आहे त्यांनी अर्ज करण्याआधी ही अट दोनदा वाचावी.

पहिल्या प्रकरणासाठी एक मजबूत जॅक, दोन स्टँड, चाकांना लावायला लाकडी ठोकळे, रिंगपान्यांचा संच, निपलला घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी, काचेची बाटली आणि डॉट ३ ऑइलचा सीलबंद डबा एवढं जमवा. अर्धा वापरलेला, मागच्या वर्षीचा डबा घेऊ नका. हवा काढताना सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून करा, मास्टर सिलिंडरपासून ते सर्वांत लांब आहे.